तिच्या वतीने

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवून तो त्यांना वाचता येईल असा सरळ करत होतो आणि माझं पहिलं वाक्य अर्धं बोलून झालं होतं. हे दुसऱ्या कुणाला तरी म्हटलं असेल असं वाटून मी मागे वळून पाहिलं. मागे दार होतं. "तुम्हालाच म्हणतेय. कागद राहू दे इथं, नंतर बघते. आधी मला ह्यांच्याशी बोलायचंय." त्यांना सर्दी झाली होती, बोलताबोलता त्या नाक पुसत होत्या आणि आवाजात गोडवा औषधालाही नव्हता. आमच्या मुलीपेक्षा फार तर चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी म्हणालो, "ती बोलून दमते हो. मी सगळं मुद्देसूद काढून आणलंय." "दमू देत," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही." मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, असू द्या ना ह्यांना. आजवर अकरा डॉक्टरांपुढे ती माझ्या शेजारी बसून माझ्या प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत आली होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस जागा मिळाल्यावर बसतं तशी ती पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत मागे सरकून बसली. मी बाहेर आलो आणि दार माझं मीच लावलं.

बाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग, वजनाचा काटा आणि नंबर लावणाऱ्या बाई. आमचा नंबर शेवटचा होता, संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते, त्यामुळे त्या बाई दिवसभराचे केसपेपर एकावर एक रचून त्यांच्या कडा टेबलावर आपटत होत्या. "काढलं का बाहेर?" त्यांनी वर न बघता विचारलं. "सगळ्यांनाच काढतात. मागच्या महिन्यात एका सासूबाईंना काढलं, त्या अजून बोलत नाहीत आमच्याशी." मी हसलो. हसताना माझे कान तापले. मी साठीला आलेला माणूस, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं आरेखक होतो, जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले, मोठमोठे साहेब माझा कागद बघितल्याशिवाय सही करत नसत; आणि आज दंगा करणाऱ्या पोरासारखं मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. रागच आला मला, खोटं कशाला सांगू. तासन् तास बसून काढलेला कागद, त्यावर नजरसुद्धा टाकली नाही. दारापलीकडून बायकोचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. चार मिनिटांत तर आमची अख्खी भेट उरकायची, तपासणी धरून.

कागदाची गोष्ट अशी, की तो मी तिच्या सोयीसाठी केला. म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगत आलो. एका पानात सगळा आजार: डावीकडे लक्षण, मधे कधीपासून, उजवीकडे त्यावर काय उपाय झाले. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत सुधारणेचं अक्षर. आमच्या कचेरीतली पद्धत. नकाशात काही बदललं की कोपऱ्यात अक्षर पुढे सरकवायचं आणि जुना नकाशा फाडून टाकायचा, नाहीतर खणणारा जुन्या कागदावरून भलतीकडे खणतो. सध्याचा कागद 'सुधारणा ज' होता. डॉक्टर लोक खूश व्हायचे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम निम्मं होईल. नंतर त्यांनी तिला एकाचे दोन दिसतात म्हणून चष्मा दिला. दुसऱ्यांनी कागद वाचला आणि वयाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांनी कागद वाचून मला विचारलं, घरी काही टेन्शन? मी म्हणालो, छे, मुलगी परगावी सुखात आहे. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या खाऊन ती तीन दिवस उशीवरून मान उचलू शकली नाही आणि मी ते 'उपाय' या रकान्यात व्यवस्थित लिहिलं. एकाने सकाळी भरभर चालायला सांगितलं. एकाने तर माझ्याकडे बघून डोळा बारीक केला, जणू आम्ही दोघं पुरुष मिळून बायकांच्या एका जुन्या खोडीबद्दल बोलत होतो, आणि मी त्याला प्रतिसाद म्हणून भुवया उडवल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती शेजारीच बसली होती, तिची डावी पापणी तेव्हाही अर्धी मिटलेली होती.

शिवाय नंबर. मी कायम पहिला नंबर लावायचो. सकाळी नऊचा. तिला ताटकळत बसावं लागू नये, गर्दी नसावी, डॉक्टर ताजे असावेत. डॉक्टर ताजे असायचेच, पण तीही असायची. रात्रभर झोपून उठलेली, डोळे उघडे, हातापायांत जोर, चेहऱ्यावर चार माणसांसारखं तेज. डॉक्टर म्हणायचे, बळ तर उत्तम आहे की हो तुमच्या हातात. आणि मी, जो रोज संध्याकाळी तिला घास चावताना हनुवटीला हात लावून जबडा वर ढकलताना बघत होतो, तो म्हणायचो, "हो, सकाळी बरी असते." बस्स, एवढंच. जणू काही सकाळचं बरं असणं हा तिचा लहरीपणा होता. आजसुद्धा मी सकाळचाच नंबर मागितला होता. नंबर लावणाऱ्या बाईंनी संध्याकाळचा शेवटचा असेल तर घ्या म्हटलं, तेव्हा मी त्यांच्याशी हुज्जत घातली होती. त्याच बाई आता समोर बसून रबरबँड शोधत होत्या.

अकरा मिनिटं झाली. आतला आवाज चालूच होता. इतका वेळ सलग बोलताना मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि हे लक्षात आलं तसं मला खुर्चीत बसवेना. कारण ती मुळात बोलणारी. लग्न झालं तेव्हा माझे मित्र माझ्याकडे नाही, तिच्याकडे यायचे. नकला करायची, आमच्या मोठ्या साहेबांचं खाकरणंसुद्धा हुबेहूब काढायची. तिची एक ठरलेली गोष्ट होती, माझ्यावरची. आम्ही नवा पलंग घेतला तेव्हा मी म्हणे तीन वेळा फूटपट्टी लावून खोली मोजली, पलंग मोजला, खोलीचा नकाशा काढला, पलंग कुठे बसेल तो रंगवला. आणि पलंग आला तेव्हा कळलं की दार मोजायचं राहिलंय. ही गोष्ट ती अशी सांगायची की मीसुद्धा दरवेळी, आता काय होणार, असा ऐकत बसायचो. पलंग उभा करणारे हमाल, आडवा करणारे हमाल, जिन्यात अडकलेले शेजारी, आणि मधे फूटपट्टी घेऊन मी. पलंग शेवटी दाराची चौकट काढून आत नेला. ती चौकट पुन्हा कधी नीट बसली नाही.

सात वर्षांपूर्वी साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. मोठा हॉल, पांढरी टेबलं, बायकांसकट सगळी कचेरी. जेवणं होत आली तशी कुणीतरी म्हणालं, वहिनी, पलंगाची होऊन जाऊ दे. तिने सुरुवात झकास केली. हमाल जिन्यात आले आणि तिथे तिचा आवाज नाकात जायला लागला. अक्षरं एकमेकांत विरघळायला लागली. तिला वाटलं घसा बसलाय, ती पाणी प्यायली, तिने पुन्हा सुरू केलं, चार शब्द बरे आले, पुन्हा तेच. टेबलावरची माणसं आधी तिच्याकडे, मग तिच्या ग्लासकडे बघायला लागली. ग्लासात लिंबूपाणी होतं. माझ्या शेजारी बसलेला कचेरीतला एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनींनी आज जरा जास्तच घेतली वाटतं." आणि मी हसलो. काय सांगू, हसायचं मनात नव्हतं, पण आलं हसू, नको तिथे येतं तसं, आणि त्याला वाटलं मी हो म्हणालो. मग मी मोठ्याने म्हणालो, "पुढचं मी सांगतो," आणि उरलेली गोष्ट मी सांगितली. वाईट सांगितली. लोक सभ्यपणे हसले. घरी येताना ती म्हणाली, "अहो, जीभच जड झाली माझी, काय झालं कोण जाणे." मी म्हणालो, "दमली असशील." त्या रात्री ती लगेच झोपली आणि सकाळी तिचा आवाज खणखणीत होता, म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला. काढून टाकला म्हणजे काय केलं? त्यानंतर चार माणसांत तिने तोंड उघडलं की मी आधीच सुरू व्हायचो. तिच्या बहिणीकडे, शेजाऱ्यांकडे, बँकेत, दुकानात. झाकली मूठ सव्वा लाखाची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय काळजी घेतो बायकोची, तिला एक शब्द बोलायचा त्रास देत नाही. तिची बहीण तर म्हणाली होती, भावजी, आमच्या ह्यांना जरा शिकवा. मुलीचा फोन आला की मीच घ्यायचो, आई काय म्हणते ते मीच सांगायचो. एकदा मुलगी हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं भाषांतर का करता? ती काय परदेशी आहे?" मीही हसलो. माझं हे हसणं एकदा तपासून घ्यायला हवं.

आणि पहिला कागद माझा नव्हताच. हे मला त्या खुर्चीत बसून आठवलं असं मी म्हणणार नाही; ते मला रोज आठवत होतं, मी फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरकडे जायचं ठरलं तेव्हा तिने वहीची तीन पानं दोन्ही बाजूंनी लिहिली होती. तिच्या गोल अक्षरात, सुचेल तसं. केस विंचरताना हात खाली येतो. जिना चढताना अर्ध्यावर पाय माझे नाहीत असं वाटतं. आणि दुसऱ्या पानावर, खाली रेघ मारून: 'संध्याकाळी जास्त बोललं की आवाज बदलतो, बोबडं बोलल्यासारखं होतं, चार वर्षांपासून.' मी ती पानं घेऊन बसलो आणि त्यांचा तक्ता केला. डॉक्टरांना वेळ नसतो, मी तिला म्हणालो, त्यांना कामाचं तेवढं द्यायचं. पायांचं घेतलं, हातांचं घेतलं, डोळ्यांचं घेतलं. त्या ओळीपाशी आलो तेव्हा मला ते पांढरं टेबल दिसलं आणि तो माणूस माझ्या कानाशी आला. वाटलं, हे डॉक्टरांनी वाचलं तर पहिला प्रश्न काय विचारतील? पिता का? आणि मला तिथे बसून ते ऐकावं लागेल. मी ती ओळ घेतली नाही. 'कधीपासून'च्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा लिहिला, एक वर्ष. म्हणजे जेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास बसला तेव्हापासून. मग पद्धतीप्रमाणे तिची तीन पानं फाडली. तक्ता तिला वाचायला दिला. तिने तो वाचला, बराच वेळ वाचला, आणि म्हणाली, "छान केलंय." तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, म्हणून मी धरून चाललो की तिलाही तो महत्त्वाचा वाटत नसावा.

मागच्या आठवड्यात पाणी पिताना ते तिच्या नाकातून आलं आणि ती घुसमटली. ओठ निळे पडेपर्यंत. मी पाठीत थापट्या मारत होतो आणि ती हाताने मला दूर लोटत होती. सावरल्यावर तिने भिंतीला टेकून मला सांगितलं, अगदी शांतपणे, "अजून एक डॉक्टर बघते. हा शेवटचा. ह्यानेही घरी पाठवलं तर मी पुन्हा कुणाकडे येणार नाही. मला विचारू नका मग." ती चिडून बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती हिशोब मिटवणाऱ्या माणसासारखी बोलली. आणि आता आत तो शेवटचा डॉक्टर होता आणि तिथे मी नव्हतो, मीच केलेला खोटा कागद होता. डॉक्टरीणबाईंनी तो उचलला तर? कधीपासून, चार वर्षं, असं त्यांच्या डोक्यात बसलं तर? 'सुधारणा ज'पर्यंत येताना एकाची चार वर्षं मी बरोबर केली होती. पण सुरुवातच चुकलेल्या आकड्यात पुढची वर्षं अचूक मिळवत जायला काय अक्कल लागते?

आतला आवाज मधे बराच वेळ थांबला होता; तेवढ्यात आतून आकडे ऐकू यायला लागले. मोठ्याने, सावकाश. एक, दोन, तीन. बायको मोजत होती. मी उठून उभा राहिलो. "बसा हो काका," नंबर लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "मोजायला लावतात कधीकधी." पंधरा, सोळा. आवाज स्वच्छ होता. तिशीत तो जरा पातळ झाला. चाळिशी लागली आणि मला तो आवाज ओळखू आला, जिन्यात हमाल आले तिथला. शेहेचाळीस नाकात गेला. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस नुसते हुंकार. माझ्या तोंडात पुढचा आकडा तयार होता. मी तो खरोखर पुटपुटलो, एकोणपन्नास, बंद दाराकडे बघत, आणि नंबर लावणाऱ्या बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. आत शांतता झाली. मला तेव्हा कळलं, इतकं साधं की रडू येईल, की हा आजार ऐकायचा होता. कुणीही तिला दहा मिनिटं बोलू दिलं असतं तर तो आपणहून पुढे येऊन उभा राहिला असता. अकरा डॉक्टरांना तो ऐकू आला नाही, कारण प्रत्येक ठिकाणी मी बोलत होतो आणि तिचा घसा विश्रांती घेत होता. आजार लपवायचा मनसुबा करून कुणी बसलं असतं तरी त्याला याहून चांगली युक्ती सुचली नसती. लाज म्हणजे काय ते मला वाटत होतं मला माहीत आहे. त्या हॉलमधली लाज ही नुसती अब्रूची होती. ही वेगळी होती, ती कुठे ठेवू ते मला कळत नव्हतं.

दार उघडलं. "या आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायको खुर्चीत बसली होती, डावा डोळा जवळजवळ मिटलेला, मान एका हातावर पेललेली, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी मुलगी झाली त्या दिवशी पाहिलं होतं; दमणं, पण रितं नसलेलं. "आज ह्यांना घरी सोडत नाही मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गिळायला त्रास आहे, श्वासावर लक्ष ठेवायला हवं. रक्त तपासू, छातीचा फोटो काढू. स्नायूंना निघालेला निरोप वाटेत थकतो, असला आजार वाटतोय मला. याला औषध आहे." त्यांनी नाक पुसलं. "आता मला एक सांगा. आवाज असा होतो, हे पहिल्यांदा कधी झालं? ह्या म्हणतात बरीच वर्षं झाली, नक्की आठवत नाही. पुढचे उपाय ठरवायला मला ते लागेल." कागद त्यांच्यासमोर होता तसाच होता. तो मी ठेवला तेव्हा इतका सरळ केला होता की अजूनही टेबलाच्या कडेला समांतर होता.

'चार वर्षं' असं म्हणता आलं असतं. कागदावर तसंच होतं, आणि माझ्या कागदावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. "सात वर्षं," मी म्हणालो. "सात वर्षं आणि दोन महिने." डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "इतकं नक्की?" मग मी सांगितलं. हॉल, पलंगाची गोष्ट, लिंबूपाणी. मला ते मुद्देसूद सांगता आलं नाही. शेजारचा माणूस काय म्हणाला ते सांगितलं आणि थांबलो, आणि बायको माझ्याकडे बघत होती, एका डोळ्याने, म्हणून मी तेही सांगितलं, की मी हसलो. तिने मान दुसऱ्या हातावर घेतली. हे तिला ठाऊक नव्हतं, ते मला तिच्या हाताच्या त्या हालचालीवरून कळलं. "आणि तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं. "तुम्ही तीन वर्षं डॉक्टरांकडे फिरताय. एकालाही आवाजाबद्दल सांगितलं नाहीत?"

बायकोने तोंड उघडलं. "पहिल्यांदा लिहिलं होतं मी," ती म्हणाली, नाकातून, एकेक शब्द ओढत. "ह्यांनी ते काढलं. मग मी... मला वाटलं, ह्यांना..." तिथे आवाज संपला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या जिभेवर पुढचा शब्द येऊन बसला होता, सात वर्षांची सवय; उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं सोपं काम. मी दात आवळून धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू दे, सावकाश," आणि त्या खरोखरच थांबल्या, पेन खाली ठेवून, हाताची घडी घालून. बायकोने डोळे मिटून घेतले. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. मी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही. मग तिने डोळे उघडले, आणि विश्रांती मिळाल्यामुळे तिचा आवाज सकाळसारखा आला, शब्द न् शब्द कळला.

"ह्यांना माझी लाज वाटते, असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हणून मी सांगितलं नाही कुणाला."

तिने ते दुखणं सांगावं तसं सांगितलं, रागाशिवाय. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या पाहण्यात ठपका नव्हता, सात वर्षं नक्की ना, हे विचारताना जसं पाहिलं होतं तसंच ते होतं, हे खरं का एवढंच विचारणारं. मी हो म्हणालो.